घर गेलेलं नाही, दादा

कोलंबस, ओहायो
१८ जानेवारी

ती. दादा आणि सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आईने एवढंच विचारलं, "गाडीत राहायला निघालात म्हणे. घर गेलं का गं तुमचं?" आणि मी काही बोलायच्या आत फोन तुझ्या हातात दिला. तू विषय बदललास. पण दादा, तुझा आवाज मी जन्मापासून ओळखते. तुलाही तेच विचारायचं होतं. म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखव. मधला एक भाग मात्र तुझ्यापुरता ठेव, तो कुठला ते वाचताना कळेल.

आधी हे सांगते: घर गेलेलं नाही. कर्ज कधीच फिटलं आहे, ह्यांचे निवृत्तीचे पैसे जागच्या जागी आहेत, कुणाचं देणं नाही. भाडं परवडत नाही म्हणून गाडीत झोपणारी माणसं या देशात आहेत, आणि ती दिसली की माझ्या पोटात कालवतं. आमचं तसं नाही, हे आईला दोनदा वाचून दाखव.

आता आरव्ही म्हणजे काय ते. आत राहायची सगळी सोय असलेल्या गाडीला इथे आरव्ही (रिक्रिएशनल व्हेइकल) म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार. एकात इंजिन आणि घर एकत्रच, ते मोटरहोम. दुसरा ट्रेलर, त्याला इंजिन नसतं, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून न्यायचा. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, संडास, अंघोळीची जागा. नुसते झोपायचे बर्थ असलेली गाडी नव्हे ही, दोन माणसांचं बिऱ्हाड आहे. आणि बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय ते आईला मी सांगायला नको. बाबांच्या प्रत्येक बदलीला तिने ट्रंका भरल्या आणि नव्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला.

हे खूळ आलं कुठून, तर ह्यांच्याकडून. लेक ओरेगनला, मुलगा जॉर्जियात, आम्ही मध्ये ओहायोत. कुणाकडेही गेलो की पाहुणे. दहा दिवस झाले की त्यांचीही ओढाताण होते आणि आपलीही. ह्यांचं म्हणणं, घर विकून टाकू, लेकीच्या गावाजवळ तीन महिने उभे राहू, मुलाच्या गावाजवळ तीन महिने, उरलेलं वर्ष हिंडू. आपली चूल आपल्यापाशी. मला ते पटत नव्हतं. मग आम्ही ठरवलं की वाद घालण्यापेक्षा राहून बघू, आणि सप्टेंबरात पाच आठवड्यांसाठी २५ फुटी मोटरहोम भाड्याने घेतलं.

त्या पाच आठवड्यांबद्दल मी तुम्हाला फक्त फोटो पाठवले. साउथ डकोटातले बॅडलँड्सचे पट्ट्यापट्ट्यांचे डोंगर, यलोस्टोनचे उकळते झरे. फोटोत जे नव्हतं ते लिहिते, कारण ठरवायचं होतं ते त्यावरच.

पाणी. गाडीखाली तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक बेसिन-अंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. सांडपाण्याच्या टाक्या भरत आल्या की ठरलेल्या जागी जाऊन नळी जोडून रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. पहिल्या दिवशी ह्यांनी केलं, दुसऱ्या वेळी मी हातमोजे घालून स्वतः केलं. करून बघितल्याशिवाय मला होकार द्यायचा नव्हता. किळस वाटली, पण दोनदा केल्यावर वाटेनाशी झाली. गरम पाण्याची टाकी जेमतेम सहा गॅलनची, म्हणजे तेवीस लिटर. केस धुवायचे तर अंग भिजवायचं, नळ बंद, साबण, मग परत नळ. बालदीभर पाण्यात अंघोळ करून वाढलेल्या बाईला ते जड गेलं नाही, ह्यांना गेलं.

वीज. उतरायच्या जागी खांबाला वायर जोडतात. आमची जोडणी ३० अँपिअरची होती आणि इथे दाब १२० व्होल्टचा, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॉट. एअर कंडिशनर चालू असताना एका बाजूला मायक्रोवेव्ह आणि दुसऱ्या बाजूला किटली लावली की अंधार. आठवड्याभरात हाताला सवय झाली, एक बंद केल्याशिवाय दुसरं लावायचं नाही.

पेट्रोल तू विचारणारच. गॅलनला आठ ते दहा मैल, आपल्या हिशेबात लिटरला जेमतेम चार किलोमीटर. म्हणून जी माणसं बारा महिने अशी राहतात ती रोज हिंडत नाहीत. एका जागी महिना-महिना थांबतात. बॅडलँड्सला आमच्या शेजारी एक जोडपं होतं, आठ वर्षं असंच राहिलेलं. हिवाळ्यात ते ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइट नावाच्या गावाजवळ जातात. तिथे सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायला मिळतं, सात महिन्यांचे त्यांनी १८० डॉलर भरले होते. वीज-पाण्याची जोडणी नाही, आपलं सोलर आणि आपल्या टाक्या. त्या बाईंना मी विचारलं, सगळ्यात अवघड काय? मला वाटलं थंडी म्हणतील, नाहीतर जागेची अडचण. त्या म्हणाल्या, आजारी पडणं. आपल्याला ओळखणारा डॉक्टर कुठल्याच गावात नसतो.

खरं सांगते, मला ते आयुष्य आवडलं. एवढं आवडेल असं वाटलं नव्हतं. एका सकाळी दार उघडलं तर पंधरा पावलांवर बायसन, म्हणजे इथले रानगवे, चरत होते, आणि मी हातात चहा घेऊन पायरीवर बसून राहिले. पण त्याहून जास्त आवडला तो एक पावसाचा मंगळवार. बघायला काही नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. मी डाळ शिजवली, ह्यांनी टेबलावर कागद पसरून हिशेब लिहिले, छपरावर पाऊस वाजत होता. मला वाटलं, असे दिवस इथे काढता येतात, तर राहता येईल. डोंगर काय, कुणालाही आवडतात.

दादा, हा पुढचा भाग तुझ्यापुरता.

यलोस्टोनमध्ये आम्ही फिशिंग ब्रिज नावाच्या आरव्हींच्या तळावर उतरलो होतो. अस्वलांच्या भीतीमुळे तिथे तंबूला परवानगी नाही, कडक भिंतींच्या गाड्यांनाच आहे. उंची ७,७०० फुटांच्या आसपास, रात्री पाणी गोठत होतं. त्या उद्यानाच्या बऱ्याच भागात फोनला सिग्नलच नसतो. दोन दिवस आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी खाली गावात आलो आणि फोन थरथरायला लागला. तुझे अकरा मिस्ड कॉल. आई न्हाणीघरात पडली होती, मनगट मोडलं होतं, आणि मी तुला फोन केला तोवर प्लास्टर घालून ती घरीसुद्धा आली होती. तू एका शब्दाने मला बोलला नाहीस. "अगं, मनगटच आहे," म्हणालास. त्या रात्री मी नकाशा काढून बसले. मनगट नसतं, दुसरं काही असतं, तर मी निघाले असते कशी? २५ फुटी घर कुठे उभं करून? कुठल्या विमानतळावर? आणि निरोप मिळाला असता तो दोन दिवसांनी. ह्यांना मी काही सांगितलं नाही. पण त्यांनी पहाटे उठून नकाशा पाहिला, आणि घर विकायचा विषय त्यानंतर त्यांनी स्वतःहून कधी काढला नाही.

(इथून पुढे आईला वाच.)

परत आल्यावर आम्ही कागदपत्रांकडे वळलो. तिथे कळलं की या देशात पत्ता नसलेल्या माणसाचं पान हलत नाही. लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा, कर, सगळं कुठल्यातरी राज्याच्या पत्त्यावर. बारमाही फिरणारे लोक बहुधा टेक्सास, फ्लोरिडा नाहीतर साउथ डकोटाचा पत्ता घेतात. तिथे राज्याचा आयकर नाही, आणि टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. माझं अजून ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे पत्ता बदलला की दहा दिवसांत सरकारला कळवायचं हे आणखी. हे सगळं जमण्यासारखं होतं. अडलं ते आरोग्य विम्यावर.

ह्यांना मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्य विमा, आहे. त्यांचं ते देशात कुठेही चालतं. मी ६२ वर्षांची. मला ते ६५ पूर्ण झाल्यावर मिळणार. तोवर माझा विमा सरकारी विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) स्वतः घेतलेला, आणि त्यातले डॉक्टर याच भागातले. दुसऱ्या राज्यात तातडीचं दुखणं त्यात बसतं, पण माझी शुगरची नेहमीची तपासणी बसत नाही. घर विकून टेक्सासचा पत्ता घेतला तर विमा टेक्सासचा, डॉक्टर टेक्सासचे, आणि आम्ही वर्षातले सहा महिने ओरेगन नाहीतर जॉर्जियात. त्या शेजारच्या बाईंचं वाक्य मला तेव्हा पुन्हा ऐकू आलं.

आणि मुलाच्या अंगणात उभं राहू हा बेत होता, तोही राहिला. त्याच्या सोसायटीच्या नियमात दारात आरव्ही ठेवायलाच मनाई आहे, राहणं दूरच. लेकीच्या गावाबाहेर महिन्याने जागा देणारं ठिकाण आहे, पण दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी ते घेत नाहीत. असे नियम इथे बऱ्याच ठिकाणी असतात.

तर दादा, ठरलं ते असं. घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. यंदा एप्रिल ते ऑक्टोबर आरव्हीत, हिवाळा ओहायोत. बर्फ अजून तीन हिवाळे उपसायचा आहे, त्याला इलाज नाही. मला ६५ पूर्ण झाली की घराचं पुन्हा बघू.

मोटरहोम न घेता ट्रेलर घ्यायचा, तोही वापरलेला. हे माझं म्हणणं होतं आणि ते ह्यांनी मानलं. मोटरहोममध्ये दवाखान्यात जायचं तरी अख्खं घर घेऊन निघावं लागतं. ट्रेलर जागेवर सोडून ट्रकने पाच मिनिटांत निघता येतं. आणि वापरलेले पुष्कळ आहेत. महामारीत लोकांनी आरव्ही वेड्यासारख्या घेतल्या, २०२१ साली सगळ्या प्रकारच्या मिळून सहा लाखांवर बनल्या, दोन वर्षांत तो आकडा निम्म्यावर आला. घेतलेल्यांपैकी बरेच आता विकायला निघालेत. नवा घेतला तर दारातून बाहेर काढल्याबरोबर किंमत उतरते.

इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट म्हणून गाव आहे, या देशातल्या बहुतेक आरव्ही त्या भागातच बनतात. तिथे जाऊन आम्ही सात ट्रेलर पाहिले. ह्यांनी दर ट्रेलरमध्ये गुडघ्यावर बसून कोपरे दाबून पाहिले, कारण भिंतीत लाकडी पट्ट्या असतात आणि छपराच्या सांध्यातून पाणी आत गेलं की बाहेरून काही न दिसता त्या कुजतात. दोन ठिकाणी जमीन पायाखाली बसली. एकाचे टायर नवेकोरे दिसत होते. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, ते वाचले तर टायर नऊ वर्षांचे निघाले. सातवा घेतला. २०१९ चा, २४ फुटी, आधीच्या मालकांनी दर वर्षी छपराचे सांधे भरल्याच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या.

माझ्या तीन अटी होत्या, ह्यांनी तिन्ही वहीत लिहून सही केली. मुक्काम विमानतळापासून चार तासांच्या आत. फोनला सिग्नल नसेल तिथे छपरावरचं सॅटेलाइट इंटरनेट चालू. आणि दर मुक्कामाची माहिती निघण्याआधी तुमच्याकडे पोचलेली.

आईला विचार, तिला ट्रेलरची चावी फोटोत बघायची आहे की स्वयंपाकघर. ती म्हणेल, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." म्हणू दे. पण मग तिला विचार, नव्या घरात पहिल्या दिवशी ती डबे कुठल्या क्रमाने लावायची, खालच्या फळीवर काय आणि हाताशी काय. मला एकूण चारच कप्पे आहेत, आणि हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही.

वहिनी, सोबत एक कागद आहे, तो फ्रिजवर लावा. एप्रिल आणि मे महिन्यांचे मुक्काम तारखांसकट, प्रत्येक ठिकाणच्या ऑफिसचा फोन नंबर, जवळचा विमानतळ आणि तिथवर लागणारे तास. माझा फोन लागला नाही तर ऑफिसला करा, ते दारावर येऊन सांगतात, मी विचारून घेतलंय. जूनचा कागद २० मेच्या आत पाठवते.

तुमची,
धाकटी