मुकादमाच्या वहीतले वर्तुळ

सोलापूर,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. घरी सर्वांची प्रकृती ठीक आहे. आईचा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो. हे पत्र एका अशा गोष्टीसाठी लिहीत आहे, जी समीरला सांगून झाली, घरीही सांगून झाली, पण तिचे खरे मर्म तुझ्या आणि अण्णांच्या घरातच कळेल असे मला वाटते.

आमच्या कामाची सुरुवात कशी झाली ते तुला ठाऊक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले, पूर्व भागातल्या कारखान्यांचे दिवाणजी गांगरून गेले आणि समीरला त्यात धंदा दिसला. बिलांपासून निघालेले आमचे सॉफ्टवेअर सुताची आवक, बीम, मागावरचे उत्पादन असे करत आता विणकरांच्या आठवड्याच्या पगारापर्यंत येऊन पोचले आहे आणि तिथेच माझा हात अडला आहे. आमचा सर्वांत मोठा ग्राहक अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आहे, आणि आमची महिन्याची निम्मी आवक त्याच्याकडून येते. विणकरांनी घेतलेली उचल पगारातून आपोआप कापली जावी, त्यात कोणाला हात घालता येऊ नये, अशी त्या मालकांची मागणी आहे.

कपात हल्ली कशी होते हे पाहावे म्हणून पाळी बदलण्याच्या वेळी मी कारखान्यात गेलो. मुकादमांनी आपली लांबट, कापडी बांधणीची वही पुढे केली. नावे तेलुगूत होती, आकडे मराठीत होते. कोणाचे टॉवेल किती निघाले, डागी किती, मजुरी किती, उचल किती राहिली, सारे एका ओळीत. काही नावांपुढे मात्र शिसपेन्सिलीने काढलेले लहानसे वर्तुळ होते. ते कशाचे, असे विचारल्यावर मुकादम आधी बोलेनात, मग मागांच्या खडखडाटात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्या आठवड्याला कापायचं नाही." कोणाच्या घरी बाळंतपण होते, कोणाच्या मुलीची फी भरायची होती. अडचण सरली की वर्तुळ खोडरबराने पुसायचे आणि कपात पुन्हा सुरू करायची, एवढाच त्यांचा नियम.

तुझ्या बारावीच्या वर्षी अण्णांच्या नावापुढे असेच वर्तुळ असे, हे तू मला होस्टेलच्या गच्चीवर सांगितले होतेस.

आता यावर सरळ उपाय दिसतो, आणि समीरने तो लगेच सुचवलाही: पडद्यावर एक खूण ठेवावी, मुकादमाने ती लावली की त्या आठवड्याची कपात थांबेल. लिहायला दोन दिवसही लागणार नाहीत. पण ती खूण डेटाबेसमध्ये गेली की तिची तारीख नोंदली जाते, ती लावणाऱ्याचे नाव नोंदले जाते, आणि महिनाअखेरीस कोणी कितीदा सवलत दिली याचा अहवाल बटण दाबताच निघतो. अहवाल समोर आला की मालक विचारणारच, आणि एकदा जाब द्यावा लागला की मुकादम पुढच्या वेळी हात आखडता घेतील. वहीत ती सवलत टिकून राहिली, कारण ती पुसता येत होती. नोंद न ठेवणारी खूण करावी, तर पैशांच्या हिशेबात मागमूस न राहणारा बदल मी स्वतःच ठेवल्यासारखे होते, आणि उद्या एखादा लबाड मुकादम त्याच वाटेने विणकरांनाच नाडेल.

हिंजवडीत आपले याच मुद्द्यावरून वाजले होते. मागितले तेवढे लिहावे, वापर कसा करायचा ते मागणाऱ्याने पाहावे, असे तुझे म्हणणे होते. लिहिणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, असे माझे. नंतर कितीतरी दिवस आपण कँटीनमध्ये वेगळ्या टेबलांवर जेवलो आणि तुझ्या डब्यातल्या शेंगाचटणीला मी मुकलो. त्या चटणीची भरपाई तुझ्याकडून अजून यायची आहे. पण तेव्हा भांडणे परवडत होते, कारण शेवटचा शब्द आपला नसे. मागणी कागदावर यायची, शंका असली तर वर पाठवायची, आणि उत्तर येईपर्यंत दुसरे काम करायचे. इथे वर पाठवायला वर कोणी नाही. समीर ग्राहक आणि गुंतवणूकदार सांभाळतो (गॅदरिंगचा तोच ब्लेझर घालून, हे तुला वाचून बरे वाटेल), दोन मुले नुकतीच कॉलेजातून आली आहेत, आणि पगाराचा भाग मी लिहीन तसाच त्या आठवड्याला माणसांच्या हातात पडणार आहे. याच गोष्टीसाठी मी पुणे सोडून इथे आलो आणि आजही मला हेच काम करायचे आहे.

मालकांना नकार दिला तर काय होईल हेही सांगतो. बँकेत मार्चपर्यंतचे पगार आहेत. समीर म्हणतो, ग्राहक गेला तर आपण निम्मा पगार घेऊ आणि उरलेल्याचे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचे पर्याय, देऊ. ते हाती यायला चार वर्षे, पहिले वर्ष पुरे होईपर्यंत काहीच नाही; आणि पर्याय वापरून शेअर नावावर घेतले की त्या दिवशीची किंमत व आपण भरलेली किंमत यांतला फरक पगार धरून त्यावर कर लागतो, मग शेअर विकले गेलेले असोत वा नसोत. तो कर पुढे ढकलण्याची सोय स्टार्टअपना आहे, पण त्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि आमच्याकडे नुसती स्टार्टअप म्हणून मान्यता आहे. घराचा हप्ता मला काही ढकलता येत नाही. तरीही पैशापेक्षा ते वर्तुळच मला अधिक छळते आहे.

माझा कल असा आहे: सवलतीचा अधिकार मुकादमांना उघडपणे द्यावा, दर महिन्याची एक मर्यादा मालकांनीच ठरवावी, आणि मर्यादेच्या आत कोणाला सवलत दिली याची नावे हिशेबात राहिली तरी अहवालात येऊ नयेत, फक्त एकूण रक्कम यावी. मालक हे मान्य करतील असे मला वाटते. त्यांचे वडीलही मागावर उभे राहिलेले आहेत. पण मुकादम असे कबूल केलेल्या मर्यादेत मोकळेपणाने वागतील का, की लेखी झाले म्हणून घाबरतील, हे मला कळत नाही. ते अण्णांना कळेल. वर्तुळ मागायला ते स्वतः जात, की मुकादमच ओळखून घेत? मालकांच्या कानावर ते कधी गेले होते का? जेवण झाल्यावर, त्यांचे मन निवांत असताना विचार, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझ्या बढतीचे समजले, मनापासून अभिनंदन. चिनूची शाळा बदलली का? वहिनींना नमस्कार सांग. गड्ड्याच्या जत्रेला या वर्षी तरी सगळे या, सकाळी नंदीध्वज पाहू. गुरुवारी मालकांकडे बैठक आहे. त्याआधी तुझे पत्र मिळाले तर फार बरे होईल.

तुझा,
मनोहर