उपदेशातली कल्पना हा दोष नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ख्रिस्ती उपदेशांवरचा लेख वाचला आणि राहवले नाही. उपदेशकाने वचनाचा, म्हणजे बायबलमध्ये लिहिले आहे त्याचा, अर्थ तेवढा सांगावा, पदरची कल्पना घालू नये, असे लेखकाचे म्हणणे. त्यांची वचनावरची निष्ठा मला मान्य आहे. पण मग बायबलमधल्याच नाथान संदेष्ट्याचे काय करायचे? दावीद राजाने आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवले. नाथानाने राजापुढे देवाच्या आज्ञा वाचल्या नाहीत. त्या राजाला ठाऊकच होत्या. त्याने एका गरिबाची गोष्ट सांगितली. गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्याच घासातले खाणारी, त्याच्याच पेल्यातले पिणारी, त्याच्या उराशी निजणारी. गावातल्या श्रीमंताने तीच ओढून नेली आणि पाहुण्यासाठी कापली. राजा भडकला, तेव्हा नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." ती मेंढी कुठल्याच गोठ्यात नव्हती. पण तिच्यावाचून दाविदाला स्वतःचे पाप दिसले नसते.

मी बरीच वर्षे संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवत होते. एकदा येशूने वादळ शांत केल्याचा पाठ होता, मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. मुलांना म्हटले, डोळे मिटा, तुम्ही त्या मचव्यात बसला आहात. पाणी आत येते आहे, दोरखंड भिजलेत, माशांच्या जाळ्याचा वास येतो आहे, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला आहे. एक मुलगी म्हणाली, "बाई, उशी पण भिजली असेल." एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा एकदम बोलला, "मला तर रागच आला असता. आम्ही बुडतोय आणि हा झोपलाय!" त्याने तो अध्याय वाचला नव्हता. शिष्यांनी येशूला उठवून नेमके हेच विचारले होते, आपण बुडतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही का?

पुढच्याच आठवड्यात चर्चच्या कमिटीकडून निरोप आला: वचनात नाही ते मुलांना शिकवू नका. उदाहरण दिले होते उशीचे. अहो, उशी मार्कानेच लिहिली आहे, अडतिसाव्या वचनात! मी बायबल उघडून दाखवले, तरी कोणी ऐकले नाही. वर्गाला रिकाम्या जागा भरायची पुस्तके आली आणि तो मुलगा पुन्हा गप्प झाला. मी शिकवणे सोडले. त्याचे दुःख अजून आहे, म्हणूनच कालचा लेख इतका लागला.

कल्पनेलाच लोक वचन समजून बसतात, ही लेखकाची भीती खरी आहे. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांची संख्या मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात कुठेच दिलेली नाही, तरी नाताळच्या प्रत्येक नाटिकेत ते तीनच असतात. त्यावर उपाय एवढाच, की हे लिहिलेले आहे आणि हे मी मनाने पाहतो आहे, असे उपदेशकाने सरळ सांगावे. मंडळीला, म्हणजे चर्चमध्ये ऐकणाऱ्यांना, तेवढे कळते.

आणि मंडळीने मनाने पाहू नये असे कोणाकोणाला वाटत आले, तेही लेखकाने बघावे. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला निवडक बायबल छापले गेले. त्यात मोशेने इस्राएल लोकांची मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून केलेली सुटकाच गाळलेली होती. ती ऐकून गुलाम स्वतःला मोशेच्या मागे चालताना पाहतील, हे छापणाऱ्यांना ठाऊक असावे. म्हणजे कल्पनेच्या भयाने हात शेवटी वचनालाच लागला. निष्ठेच्या नावाने बोलणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणखी एक. लेख प्रॉटेस्टंट पाळकांच्या उपदेशाबद्दल आणि सोबत फोटो मात्र वेदीपाशी प्याला उंचावणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंचा. लेखातही 'फादर' (कॅथलिक धर्मगुरू) आणि 'पास्टर' (प्रॉटेस्टंट पाळक) हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत. याबद्दल मी आपल्याला पूर्वीही लिहिले होते. ते पत्र छापले गेले नाही, चूकही सुधारली नाही. निदान आता तरी असा मजकूर छापण्याआधी कोणा माहीतगाराच्या नजरेखालून घालावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक