दुपट्टा ज्याच्या खांद्यावर, पोरगं त्याच्याकडे

पुणे,
नोव्हेंबरअखेर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या पिलूच्या दुसऱ्या वाढदिवसाला बोलवायच्या पाहुण्यांची तुमची यादी मिळाली. परवापर्यंत २८ होती, काल ३२ झाली. ३२ ला मी कबूल आहे. तेहेतिसावं नाव घालायचं असेल तर खोडायचं कोणाचं, तेही तुम्हीच सांगा. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. आई, कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेव.

आपण धरून ३२ जणांत ६ पिलूच्या वयाचे, ५ शाळेत जाणारे पोट्टे, १३ आमच्या वयाचे आणि ८ सत्तरीच्या पुढचे. प्रत्येकाला खूश करणं अवघड नाही. घोळ होतो तो एका वयाची वस्तू दुसऱ्या वयाच्या हाती लागली की. आजोबांची गोळ्यांची डबी नातवाच्या हातात, नाहीतर नातवाचा चेंडू आजीच्या पायाखाली. बाकी फुगे निळे की पिवळे, ते आत्याला ठरवू दे.

वेळ सकाळी साडेदहा ते एक. संध्याकाळ नकोच. डिसेंबरात आपल्याकडे नागपुरात साडेपाचला सूर्य मावळतो, मग थंडी, डास आणि म्हाताऱ्या माणसांना अंधारात परत जाणं. सकाळचं ऊन उलट अंगणात बसायला छान. शिवाय आठांपैकी निदान चौघं तरी शुगरच्या गोळ्या घेणारे असतील, त्यांचं जेवण वेळेवर व्हायला हवं. पिलू एक वाजता झोपतं. ती झोप चुकली तर वाढदिवस त्याचा आणि रडणंही त्याचंच. म्हणून ११ ला औक्षण, सव्वाअकराला केक, १२ ला ताटं. पिलूला दहालाच वरणभात भरवून घ्यायचा, कारण गर्दीत ते घास घेत नाही. वर्ध्याचे पाहुणे मुक्काम करणार असतील तर आधी कळवायला सांगा. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात लॉजवर खोली मिळणं अवघड.

औक्षण. आई, तुझ्या ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी असतेच. यातली सुपारी आणि अंगठी पिलूसमोर ठेवू नकोस. दोन वर्षांच्या मुलाच्या घशात नेमकी अडकेल एवढीच ती सुपारी असते, आणि त्या वयात चकाकणारी वस्तू आधी तोंडात जाते. ओवाळताना त्या दोन्ही वस्तू हातात घे, ओवाळून झालं की लगेच मुठीत. निरांजन त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, म्हणजे तू उभी आणि ते माझ्या मांडीवर. डोक्यावर अक्षता टाकायच्या तर चार दाणेच, नाहीतर ते वेचून नाकात घालतात. आणि पाच सवाष्णींनी एकामागून एक ओवाळायचं म्हटलं तर दहा मिनिटं जातात. पिलू तीन मिनिटं बसेल. तू आणि माझ्या सासूबाई, एवढंच. बाकीच्यांना वाईट वाटेल, पण त्यांनी नंतर पिलूला मांडीवर घ्यावं, ते जास्त गोड.

केक दोन किलोचा पुरे. एका किलोचे १४-१५ तुकडे होतात, आणि शुगरवाले अर्धाच घेतील. बेकरीवाल्याला आधीच बजावून ठेवा की आत टूथपिक किंवा स्ट्रॉ टोचायची नाही, वर चांदीचे गोळे, मोती, तारेची सजावट नाही. दोन मजली केकला आधार म्हणून काड्या घालतातच, म्हणून केक एकमजलीच सांगा. डबा साधारण फूटभर रुंद असतो, फ्रिजचा एक कप्पा मोजून मोकळा करून ठेवा. ठिणग्या उडवणारी कारंजा-मेणबत्ती नको. गाणं म्हणणारी कमळाची मेणबत्ती तर मुळीच नको, तिच्यात बटनाएवढी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तसा संशय जरी आला, तरी वाट न पाहता थेट हॉस्पिटल. साधी २ आकड्याची मेणबत्ती वेगळ्या छोट्या केकवर लावू, फुंकर त्याच्यावर. मोठा केक स्वयंपाकघरात कापून बशीत द्यायचा, म्हणजे सगळ्या घरावर पिलूची थुंकी नको. दिवे घालवायचे नाहीत, टाळ्या हळू. ३२ माणसं एकदम ओरडली की या वयाची पोरं घाबरतात, फोटोतलं ते रडकं तोंड त्यामुळेच असतं. स्नो स्प्रे कोणी आणला तर गेटवरच काढून घ्या, तो पेट घेतो.

फुग्यांचं जरा लांबट सांगते. साधे रबरी फुगे चालतील, पण न फुगवलेले आणि फुटलेले तुकडे घशाला चिकटतात, ते सहज निघत नाहीत. म्हणून फुगे आदल्या रात्री फुगवून वर बांधायचे, मोजून ३०, आणि सकाळी एकदा जमिनीवर नजर टाकायची. फुगा फुटला की शाळेतल्या पोट्ट्यांपैकी ज्याला तुकडा सापडेल त्याला एक चॉकलेट. याला त्यांच्यासारखं कोणी नाही. गाडीवाल्याकडचे वर उडणारे फुगे आणू नका. त्यात बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि घरात निरांजन पेटलेलं असणार.

जेवण घरीच, स्वयंपाकाच्या मावशींना दोन मदतनीस देऊन. गोळाभात, कढी, पुऱ्या, आलूची रस्सा नसलेली भाजी आणि सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची. पिलूची टोळी सोडून २६ ताटं धरली आहेत. तांदूळ २ किलो, गोळ्यांसाठी डाळीचा भरडा पाऊण किलो. दही सव्वा किलो, त्यात पावणेतीन लिटर पाणी आणि शंभर ग्रॅम बेसन, म्हणजे साधारण चार लिटर कढी. मावशींना सांग, उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं आणि मीठ शेवटी, नाहीतर फुटते. कणीक २ किलो, सुमारे ११० पुऱ्या होतील. म्हातारी माणसं दोन-तीनच घेतात, पण कॉलेजातला भाचा सहा खातो, हिशेब जुळतो. आलू ३ किलो. सांबारवड्या ५५ मागव, पण तळायला पावणेबाराला सुरुवात करा. अर्ध्या तासात त्या मऊ पडतात आणि गार सांबारवडीला नाव ठेवायला लोक टपलेलेच असतात. पाण्याचा २० लिटरचा एक जार पुरतो, पण दुसरा मागवून ठेवा.

गोळाभातावरची गरम तेलाची फोडणी ताटात वाढायची आपली पद्धत आहे, ती त्या दिवशी मोडू. फोडणी स्वयंपाकघरातच घालून, मग ताट बाहेर. बाबा, तुम्ही तर्री-पोह्यांबद्दल विचारलं होतं. नको. उकळती तर्री आणि अख्खे चणे, दोन्ही पोरांच्या जिवावरचे. दुसऱ्या दिवशी आपण आपले खाऊ.

पिलूच्या टोळीला मिरची न घातलेला गोळा कुस्करून, मऊ भात, तूप. संत्री या दिवसांत छान असतात, पण त्यांना फोडीवरची साल आणि बिया काढून द्यायच्या. द्राक्षं असतील तर उभी चिरून चार तुकडे. फल्लीदाणे (शेंगदाणे), काजू, फुटाणे, पॉपकॉर्न यांना हात लागता कामा नये, आणि चिवड्यात फल्लीदाणे असतात म्हणून चिवडा फक्त उंच टेबलावर. टेबलावर लोंबणारं कापड नको, ओढलं की सगळं अंगावर.

बसायला बिछायत केंद्रातून २५ खुर्च्या आणि दोन टेबल मागवा. त्यातल्या आठ खुर्च्या हातवाल्या असायला हव्यात, नाहीतर गुडघेदुखीवाल्यांना उठता येत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या आपल्या गुळगुळीत फरशीवर घसरतात, पायांना रबरी बूच आहे का बघून घ्या. म्हाताऱ्यांची जागा हॉलमध्ये, बाथरूमच्या बाजूला आणि स्पीकरपासून लांब. कानात यंत्र असलेल्यांना गाणी चालू असताना शेजारच्याचं बोलणंच कळत नाही, म्हणून गाणी फक्त अंगणात आणि हळू. सतरंजीच्या कडा पट्टीने फरशीला चिकटवा. रांगोळी फाटकापाशी मातीवर काढा, उंबऱ्याजवळ नको. रांगोळीवरून आणि साबणाच्या फुग्यांनी ओल्या झालेल्या फरशीवरून माणसं पडतात. साबणाचे फुगे अंगणातच.

जिन्याचं चॅनल गेट कुलूप लावून बंद. कोणालाही वर जायचं काम नाही. फाटकाची कडी वर बसते का पाहा, आणि शाळेतल्या एकाला फाटकाचा शिपाई करा, पाहुणे आत आले की कडी लावायला. बाथरूममधली बादली रिकामी करून उलटी ठेवायची. दोन वर्षांचं मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. बाथरूमच्या आणि झोपायच्या खोलीच्या दारांवर टॉवेल टाकून ठेवा, म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही, बोटं चेंगरत नाहीत आणि कोणी आतून कडी लावून बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पर्स आणि खिसे. आजी-आजोबांच्या पर्समध्ये बीपीच्या, शुगरच्या, हृदयाच्या गोळ्या सहज उघडणाऱ्या डबीत असतात, आणि त्यातली एक गोळीसुद्धा लहान मुलाला जास्त होऊ शकते. पर्स आल्या की पलंगावर नाही, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आणि कपाटाला किल्ली. आई, तुझ्या सोमवार-मंगळवारच्या डबीचंही तेच. दुसरं म्हणजे खर्रा. काका येऊन गप्पा मारताना पुडी खिडकीत ठेवतात, आणि खिडकी म्हणजे पिलूच्या डोळ्यांपुढेच. त्यात तंबाखू असते, चुना असतो. लहान मुलाला तंबाखूने विषबाधा होते. बाबा, तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा, खर्रा गाडीच्या डिकीत. मी सांगितलं तर राग येईल.

चहाचा थर्मास उंच टेबलावर, आणि पोर मांडीवर असताना कोणीही चहा घ्यायचा नाही. ओतून पंधरा मिनिटं झालेला चहासुद्धा लहान मुलाला भाजू शकतो. चुकून भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. घास अडकून आवाज निघेनासा झाला तर पोराला मांडीवर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधे पाच धपके. न निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर पाच जोरदार दाब, आत आणि वर. दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ लावायचा.

खेळाचं फारसं करायला नको. दोन वर्षांची पोरं एकमेकांशेजारी खेळतात, एकमेकांशी नाही, संगीत खुर्ची त्यांना कळत नाही. टीव्हीची रिकामी खोकी, मोठे चेंडू, जाडे खडू आणि अंगणात चादर, बस. शाळेतल्यांना तुमचा कॅरम बाहेर काढून द्या, पण सोंगट्या मोजून. जाताना द्यायचे खाऊ वयानुसार मी इथून आणते. छोट्यांना जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. बर्डीच्या बाजारातून काही घेणार असाल तर एवढंच पाहा, सव्वातीन सेंटीमीटर रुंद नळीतून जे खाली जाईल ते या वयाला द्यायचं नाही. टेडीच्या वेशातला माणूस बोलवू नका, पोरं किंचाळतात.

आणि शेवटी पिलूवर नजर. "सगळेच आहेत ना" म्हटलं की कोणीच पाहत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतो आहे. म्हणून बाबा, तुमचा पांढरा दुपट्टा त्या दिवशी एक काम करेल. तो ज्याच्या खांद्यावर, पोरगं त्याच्याकडे. वीस मिनिटांची पाळी. त्या वीस मिनिटांत त्याने फोन नाही, चहा नाही, पाहुण्यांना नमस्कारसुद्धा नाही. पाळी संपली की दुपट्टा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून, "आता तुझ्याकडे" असं तोंडाने म्हणायचं. नुसता खुर्चीवर टाकून जायचं नाही. औक्षण आणि केकच्या वेळी माझी, जेवणं चालू असताना माझ्या दिराची, कारण तो शेवटच्या पंगतीला बसतो. बाबा, साडेदहाची पहिली पाळी तुमची. पाहुण्यांचं स्वागत आई करेल.

आम्ही गुरुवारी सकाळी पोहोचतो. दुपट्टा धुऊन ठेवा, कलफ नको, पिलू तोंडात घालतं.

तुमची,
ताई