मिस्त्रीमामा, तुमच्या पटाशीबद्दल

ती. मिस्त्रीमामा यांस,
सा. न. वि. वि.

ज्या वहिनींच्या कोल्हापुरी साजासाठी मी पेटी केली, त्यांच्या घरी ती पोचली. साज आत ठेवल्या ठेवल्या त्यांचा फोन आला. साजाची २१ च्या २१ पानं मखमलीवर सपाट बसली, झाकण अलगद मिटलं. बोलताना त्यांचा गळा भरून आला, माझाही. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे की’ म्हणत रंधा उचलता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहिते.

ज्यांनी ‘पूर्ण वाळलंय, डोळे झाकून न्या’ म्हणत मला शिसव विकलं, त्यांचं नाव घेत नाही. इंचभर जाडीची फळी सावलीत, वाऱ्यावर वर्षभर तरी वाळावी लागते, हे लाकूड विकणाऱ्याला मी सांगायचं का? ती आतून ओली होती. पेटी झाल्यावर उन्हाळ्यात आकसली, झाकण पिळवटलं, कोपऱ्याचा सांधा उघडला. पेटी ज्या लग्नासाठी हवी होती, ते तोंडावर आलेलं. जाब विचारला तर म्हणे, ‘घरातल्या कुणा माणसाला पाठवा, त्यांना समजावतो.’ ते शब्द अजून टोचतात. पुढच्या दुकानांत तर पेटी कुणी हातातही घेतली नाही.

तुम्ही घेतलीत, आणि ती आधी हात पुसून. उलटी करून तळ पाहिलात, सांध्यावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, ‘सांधा झ्याक बसवलाईस पोरी. लाकडानं दगा दिलाय.’ मग माळ्यावरून जुन्या शिसवी पलंगाची फळी काढलीत. रंधा फिरला तशी धुळकट काळ्या थराखालून जांभळट तपकिरी अंगावरची काळी रेघ न रेघ वर आली. असलं लाकूड आता पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

पण मामा, मला फळीपेक्षा ती पटाशी मोठी वाटते. तुमच्या वडिलांची. मूठ घामानं काळी पडलेली, पातं झिजून निम्मं उरलेलं. सुतार आपली पटाशी सहसा दुसऱ्याला देत नाही. तुम्ही ती धारेच्या दगडावर घासलीत, मनगटावरच्या केसांवर धार बघितलीत आणि मूठ माझ्याकडं करून पुढं धरलीत. ‘तुझी पेटी हाय. खाचा तूच पाड.’ दुकानात गिऱ्हाईकं बसली होती, त्यांच्यासमोर. बाईच्या हाताला हे जमेल का, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर उमटलासुद्धा नाही.

झाकणाची फळी सरस न लावता चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवायची, हे तुम्हीच दाखवलंत. आता आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फुगली तरी तिला जागा आहे.

पेठापेठांत अशी माणसं अजून आहेत. बोलायला रांगडी, हिशेबाला चोख, समोर कोण उभं आहे यापेक्षा काम कसं झालंय ते बघणारी. त्यांची पाटी मोठी नसते, जाहिरात तर नसतेच. पण फसवणूक झाल्यावरही दुसऱ्या दिवशी करवत हातात घ्यावीशी वाटते ती त्यांच्यामुळं.

पटाशी अजून माझ्याकडंच आहे. खंडेनवमीच्या आधी आणून देते; त्या दिवशी ती तुमच्या हत्यारांतच पूजेला हवी. झेंडूचे हार मी आणते, तुम्ही आणू नका.

तुमची,
पेटीवाली पोरगी