शाडूची इच्छा खरी असते, मग ती स्टॉलवर का टिकत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत सध्या पर्यावरणपूरक गणेशोत्सवाची चर्चा चालू आहे. बहुतेक पत्रांचा सूर असा, की लोक तोंडाने शाडूच्या मातीची मूर्ती म्हणतात आणि घरी पीओपीची, म्हणजे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसची आणतात, म्हणजे लोक ढोंगी आहेत. मला हे मान्य नाही. माझे माहेर पेणचे. भावाचा गणपतीचा कारखाना आहे आणि चतुर्थीच्या आधी ठाण्यात त्याचा स्टॉल लागतो, तिथे मी बरीच वर्षे बसते. मूर्ती कशी निवडली जाते हे मी गिऱ्हाइकाच्या समोर बसून पाहते. शाडूची इच्छा घेऊन येणारी माणसे खरोखर ती इच्छा घेऊन येतात. स्टॉलवर पाऊल ठेवल्यापासून पैसे देईपर्यंत त्या इच्छेचे काय होते, ते लिहावे म्हणून हे पत्र.

घरातली मंडळी आली की सगळ्यांची नजर आधी मुखाकडे जाते. पेणची ख्याती डोळ्यांच्या आखणीसाठी आहे आणि लोक त्या डोळ्यांवरच थांबतात. 'हा बाप्पा आपल्याकडे बघतोय' असे घरातले लहान मूल म्हणाले, की निम्मा निर्णय झालेला असतो. त्यानंतर उंची. गेल्या वर्षीपेक्षा लहान मूर्ती नको, असे पुष्कळ घरांत मनापासून मानतात. मग किंमत, मग उचलून पाहणे. मूर्ती कशाची आहे हा प्रश्न आला तर या सगळ्यानंतर येतो आणि तोवर ती मूर्ती मनाने त्यांच्या घरी पोहोचलेली असते. अशा वेळी 'ही प्लास्टरची आहे' असे मी सांगितले, की समोरच्यांचे चेहरे पडतात. मूर्ती खाली ठेवणारे थोडे. बाकीचे एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी म्हणते, पुढच्या वर्षी नक्की शाडूची.

काही जण तर विचारतच नाहीत आणि त्यांत पर्यावरणाची काळजी असणारेही असतात, हे मला पूर्वी कोड्यात टाकायचे. अमेरिकेतल्या क्रिस्टीन एहरिच आणि ज्युली अर्विन या संशोधिकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम वाचले तेव्हा त्याचा उलगडा झाला. फर्निचरचे लाकूड वर्षावनातले आहे का, अशी माहिती मागितली तर मिळणार असते. तरीही ती मागायचे लोक टाळतात आणि ज्यांना त्या प्रश्नाची मनापासून चिंता आहे तेच विशेष करून टाळतात, असे त्यांना दिसले. उत्तर वाईट निघाले तर आवडलेली वस्तू सोडावी लागेल किंवा मनाला टोचणी लागेल. ज्याला काहीच वाटत नाही त्याला विचारायची भीती कशाला असेल? स्टॉलवरची ती गप्प माणसे मला तेव्हापासून वेगळी दिसू लागली.

सोसायटीच्या सभेत 'यंदा शाडूचीच मूर्ती आणणार ना?' असे विचारले की सगळे हात वर होतात. त्या प्रश्नात किंमत नसते, उंची नसते, चौथ्या मजल्यापर्यंतचा जिना नसतो. शिवाय हात वर करणारी व्यक्ती आणि मूर्ती निवडणारी व्यक्ती बऱ्याचदा एकच नसते. सभेला वडील जातात, स्टॉलवर आजी आणि नातवंडे येतात. त्या हातांची आणि आमच्या विक्रीची तुलना करून लोकांना खोटे ठरवणे हा अन्याय आहे.

आता किंमत. एकाच उंचीच्या दोन मूर्ती शेजारी ठेवल्या तर शाडूची बहुधा दीडपट, कधी दुप्पट पडते. यात कारखानदार नफा उकळतो असा समज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. जिप्सम भाजून पीओपीची भुकटी करतात. ती पाण्यात कालवून रबरी साच्यात ओतली आणि आत काथ्या दिला, की काही मिनिटांत घट्ट होते. एका साच्यातून दिवसभरात कितीतरी मूर्ती निघतात. शाडूची माती बहुतेक गुजरातेतून येते. ती भिजवायची, मळायची, साच्यात हाताने दाबायची, भाग जोडायचे, सांधे पुसून घ्यायचे आणि मग सावलीत सुकू द्यायचे. उन्हात ठेवली तर तडकते, पावसाळी हवेत सुकता सुकत नाही. तडकलेली मूर्ती पुन्हा भिजवावी लागते आणि तिच्यावरची मजुरी बुडते. शाडू जड, म्हणून टेम्पोत कमी मूर्ती बसतात आणि खड्ड्यांत सोंड, हात, कान दुखावतात ते वेगळेच. हा सगळा तोटा शाबूत राहिलेल्या मूर्तींच्या किमतीत चढतो. मालिकांमधल्या देवांसारखी एका पायावर तोललेली मूर्ती हवी असेल तर ती शाडूत करणे फार अवघड असते. ठिसूळ माती तो भार पेलत नाही.

आणि वजन! याबद्दल लेख लिहिणारे फारसे बोलत नाहीत. दोन फुटांची शाडूची मूर्ती सत्तरीच्या जोडप्याने लिफ्ट नसलेल्या इमारतीत कशी चढवायची? मुले परदेशी, शेजारचा मुलगा कामावर. अशा घराने हलकी मूर्ती घेतली तर त्यांच्या श्रद्धेत किंवा पर्यावरणप्रेमात खोट काढायचा अधिकार मला तरी नाही.

किंमत आणि माहिती या दोन गोष्टी सुधारल्या तर खरेदी बदलते का? अमेरिकेतच एका किराणा दुकान साखळीच्या २६ दुकानांत संशोधकांनी प्रत्यक्ष विक्रीवर प्रयोग केला. उत्पादकाला रास्त भाव मिळाल्याची खूण असलेले लेबल सुट्या कॉफीवर लावले, तेव्हा तिची विक्री सुमारे १० टक्क्यांनी वाढली. कोणी भाषण दिले नव्हते, फक्त खूण दिसत होती. मग लेबल तसेच ठेवून भाव वाढवले. महागड्या कॉफीचा भाव ८ टक्क्यांनी वाढला तरी तिचे गिऱ्हाईक टिकून राहिले. स्वस्त कॉफीचा भाव ९ टक्के वाढताच तिची विक्री ३० टक्क्यांनी घसरली आणि लोक बिनलेबलच्या कॉफीकडे वळले. आमच्या स्टॉलवर मी नेमके हेच पाहते. मोठी मूर्ती घेणाऱ्याला शाडूचे जादा पैसे जड नसतात, त्याची अडचण आकार आणि वजनाची. फूटभराची मूर्ती घेणारे घर मात्र पन्नास-शंभर रुपयांवर अडते आणि घरगुती गणपतींत अशी घरे पुष्कळ आहेत.

खूण म्हणाल तर आजही रंगवलेल्या दोन मूर्तींतली शाडूची कोणती हे सामान्य गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. 'इको-फ्रेंडली' असा फलक कोणीही लावतो आणि त्याखाली काय विकतो ते तपासायला कोणी येत नाही. शाडूचे पैसे घेऊन प्लास्टर गळ्यात मारलेली घरे मला माहीत आहेत. विसर्जनाला बादलीत ठेवलेली मूर्ती दिवस लोटले तरी विरघळली नाही, तेव्हा त्यांना कळले. असे एकदा झाले, की ते घर पुन्हा जादा पैसे देत नाही आणि का द्यावेत? पीओपीच्या मूर्तीच्या पाठीवर लाल खूण करावी, अशी सूचना २०२५ मध्ये निघाली. ती सूचना चांगली आहे, पण ती खूण प्रत्येक स्टॉलवर दिसली पाहिजे आणि शाडूच्या मूर्तीलाही तपासून दिलेले प्रमाणपत्र हवे.

नियमांच्या धरसोडीनेही लोकांच्या इच्छेला तडा गेला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्ती नकोत असे सांगितले, मग करोनामुळे अंमलबजावणी जानेवारी २०२१ वर गेली. त्यानंतर दर वर्षी 'यंदापुरती' सवलत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कडक अंमलबजावणीचे आदेश दिले. जूनमध्ये मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र मनाई राहिली. जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात आणि त्याहून उंच मूर्ती समुद्रासारख्या नैसर्गिक पाण्यात, असे ठरले. या काळात पेण-हमरापूरच्या कारखान्यांत माल आधीच तयार होता. मूर्तिकाराने कोणत्या आदेशावर भरवसा ठेवून साचे बदलावेत? आणि 'कृत्रिम तलावातच तर जाणार आहे, मग मूर्ती कशाची याला काय महत्त्व' असे आता गिऱ्हाईकही म्हणू लागले आहे. कृत्रिम तलाव हवेतच, त्यांनी खाड्या आणि तळी वाचतात. पण तलावातून काढलेल्या प्लास्टरच्या ढिगाचे पुढे काय होते हे घरी परतलेल्या भक्ताला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचे ओझे खरेदीच्या वेळी कोणाला जाणवणार? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरीच पीओपी विरघळवण्याची रीत काढली. पुणे महापालिकेने ते रसायन मोफत वाटले. स्तुत्य काम आहे, मात्र तो खरेदीनंतरचा इलाज झाला.

आमच्या कोकणात हा पेच सोडवणारी रीत आधीपासून आहे आणि शहरात आलेल्या आम्हा लोकांकडून ती सुटली, याचे मला फार वाईट वाटते. घरचा पाट मूर्तिकाराकडे आधी नेऊन द्यायचा. पाटावर मावेल तेवढी मूर्ती, म्हणजे उंचीचा मोह आपोआप आवरला. मूर्तिकार पिढ्यानपिढ्यांचा ठरलेला, त्यामुळे माती कोणती याची खात्री त्या माणसाच्या शब्दात होती. मागणी आधी कळल्याने त्याला मूर्ती सुकवायला वेळ मिळायचा. समोर शंभर रंगीत मूर्ती मांडलेल्या नसायच्या, त्यामुळे मन डळमळायची वेळच यायची नाही. चांगली इच्छा शांत डोक्याने, गर्दीच्या आणि घाईच्या खूप आधी, एका विश्वासाच्या माणसाकडे नोंदवली जायची. सिंधुदुर्गात आणि गोव्यात कितीतरी घरांत अजूनही असाच गणपती येतो. गोव्यात सरकार चिकणमातीच्या मूर्तींसाठी मूर्तिकाराला मूर्तीमागे अनुदानही देते, म्हणजे जादा खर्चाचा सगळा भार भक्तावर पडत नाही. मुंबई महापालिकेने अलीकडे मूर्तिकारांना शाडूची माती आणि जागा मोफत दिली, त्याचाही उपयोग झाला आहे.

म्हणून माझी विनंती लोकांना उपदेश करणाऱ्यांना आहे. जनजागृतीचे फलक पुष्कळ झाले. सोसायट्यांनी सभेत हात वर करून घेण्याऐवजी तिथेच मागणीची वही ठेवावी, मूर्तीची उंची लिहून घ्यावी, थोडी आगाऊ रक्कम घ्यावी आणि ती मागणी एका ठरलेल्या मूर्तिकाराकडे पाठवावी. सगळ्या मूर्ती एकत्र आल्या तर टेम्पोचा खर्च वाटला जातो आणि जिन्यावरून वर न्यायला तरुण मुलेही मिळतात. पालिकांनी फूटभरापर्यंतच्या शाडूच्या मूर्तीला अनुदान द्यावे, तिथेच त्याचा सर्वांत जास्त परिणाम होईल. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, तरी तिचा गाळ होतो आणि रंग रासायनिक असतील तर तेही पाण्यात जातात, हे मी नाकारत नाही. त्यासाठी पुण्यातल्या 'पुनरावर्तन' मोहिमेसारखी सोय गावोगावी हवी. तिथे विसर्जनानंतरची माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांपर्यंत पोहोचवतात.

आणि हे सगळे आषाढ लागायच्या आत व्हायला हवे. श्रावणात मागितलेली शाडूची मूर्ती आम्हाला नीट सुकवून देता येत नाही. तेव्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाला, त्याची कितीही इच्छा असली तरी, स्टॉलवर उरलेली मूर्तीच घ्यावी लागते.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे
(माहेर : पेण, जि. रायगड)