धावणे जमते, नकाशाचे काय?

महोदय,

बेळगावच्या ज्युनियर लीडर्स विंगमधील, म्हणजे लष्करात छोट्या तुकडीचे नेतृत्व शिकवणाऱ्या शाळेतील, कोर्ससाठी नाव आले की तरुण जवान पहिल्यांदा धावायला लागतो. बीपीईटी या लष्कराच्या शारीरिक चाचणीतली ५ किलोमीटरची दौड, दोरावरची चढाई आणि ९ फुटी खड्डा यांचा सराव हवाच. पण तो तर पलटणीत होतच असतो. गाडी अडते ती नकाशावर.

१:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. रात्री अंतर मोजायचे ते पावलांनी. म्हणून १०० मीटरला आपली किती पावले पडतात ते सपाटीवर, चढावर आणि पाठीवर पिठ्ठू (सामानाची लष्करी पिशवी) घेऊन, असे वेगवेगळे मोजून ठेवावे. सपाटीचा आकडा चढावर वापरला की माणूस टेकडीच्या अलीकडेच थांबतो आणि भलताच ओढा आपला समजतो. होकायंत्र पाहताना रायफल बाजूला ठेवावी. लोखंडाने काटा सरकतो. एवढी साधी गोष्ट घाईत हमखास विसरली जाते.

पिठ्ठूचे वजन १० किलोपासून सुरू करून आठवड्याला दीड-दोन किलोच वाढवावे. वजन घेऊन रोज पळणे हा शुद्ध आडदांडपणा. नडगीचे हाड धरते आणि कोर्स सुरू होण्याआधीच संपतो. नवे बूट तर नेऊच नयेत.

आदेश देण्याचा सराव मात्र कोणी करत नाही. त्या भागाचे मातीचे मॉडेल मांडून जमीन, शत्रू, मकसद, कारवाई या क्रमाने सेक्शनसमोर, म्हणजे आपल्या दहाएक जवानांच्या तुकडीसमोर, मोठ्याने बोलावे, तेही थकून आल्यावर.

– एक निवृत्त सुभेदार, सातारा