धोलावीऱ्याला दोन मुक्काम कर

नागपूर

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरच्या सहलीचा तू केलेला तक्ता मिळाला. पुण्याहून गाडीने निघायचं, आम्हा दोघांना अहमदाबाद स्टेशनवर घ्यायचं आणि मग लोथल, कच्छातलं भुज, पांढरं रण आणि सिंधू संस्कृतीचं जुनं शहर धोलावीरा. तुझ्या आईने स्वेटर आत्ताच उन्हात टाकलेत. माझं म्हणणं एकाच ओळीबद्दल आहे. धोलावीऱ्याला तू दुपारचे तीन तास दिलेस आणि रात्री परत भुज. तसं करू नकोस. तिथे दोन मुक्काम करू.

गेल्या हिवाळ्यात ताई आणि जावईबापूंबरोबर आम्ही गेलो होतो. तुला रजा मिळाली नाही, याची चुटपुट मला तिथे दर पावलाला लागली. मी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. बांध, सांडवा, चढ-उतार यांपलीकडे मला फारसं काही कळत नाही. पण धोलावीरा कळायला तेवढं पुरतं. खदिर बेटाच्या चहूबाजूंनी रण, म्हणजे नुसतं मीठ. बारमाही नदी नाही. आपल्या नागपूरला पडतो त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा पाऊस. गावाच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन नाले, तेही पावसाळ्यापुरतेच वाहणारे. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी या नाल्यांवर आडवे बांध घातले, पाणी वळवून आत घेतलं आणि जमिनीच्या उताराच्या आधाराने तटाच्या आतून एकामागून एक तलाव भरून घेतले. पूर्वेचा तलाव सुमारे ७३ मीटर लांब आणि १० मीटर खोल आहे. त्याच्या पायऱ्या उतरून तळाशी उभं राहा आणि वर बघ. तिथे मी बराच वेळ बोललोच नाही.

पोट्ट्यांना आधी हेच दाखव. बालेकिल्ल्यातल्या विहिरीशी दगडावर दोर घासून पडलेल्या खाचा आहेत, त्या छोटीला बोटाने दाखव. पावसाचं पाणी वाहून नेणारी काही गटारं इतकी उंच आहेत की आत माणूस सहज शिरेल. सोनूला ती आवडतील. बालेकिल्ला आणि मधलं नगर यांच्यामध्ये सुमारे २८३ मीटर लांबीचं मैदान आहे, तिथे दोघांना मनसोक्त पळू दे. उत्तरेच्या दरवाजाजवळ दहा चिन्हांची मोठी पाटी सापडली. अक्षरं अजून कुणालाच वाचता आलेली नाहीत, हे ऐकून सोनू रात्रभर प्रश्न विचारील. त्यासाठी तरी रात्र तिथे काढायला हवी ना?

हे सगळं तीन तासांत पाहून होतं, असं तुला कुणीही सांगेल. पण दुपारी दगड तापतो, डोळे दिपतात आणि पोरं कंटाळतात. सकाळी लवकर गेलो की सावल्या लांब पडतात आणि जमिनीचा उतार नीट कळतो. दुसऱ्या दिवशी रणाच्या कडेला, लाकडाचे दगड झालेत ते पाहायला जाऊ. तो ज्युरासिक काळ, शहराहून कितीतरी कोटी वर्षं जुना. एवढं मोठं अंतर एका दिवसात मुलांच्या डोक्यात बसत नाही.

भुजहून खावड्यामार्गे ये. आधी भचाऊ-रापरकडून लांबचा वळसा पडायचा. आता रस्ता सरळ रणातून जातो आणि हिवाळ्यात दोन्ही अंगांनी मीठ पांढरं झालेलं असतं. वाटेत काळो डुंगर चढू. वर दत्ताचं देऊळ आहे, तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालतात. आईला ते फार आवडलं होतं. लोथल मात्र घाईत झालं तरी माझी हरकत नाही.

आणखी एक. दिवाळीला याल तेव्हा पोरांना रामटेकच्या रस्त्यावर मनसरला नेऊ. धोलावीरा १९६० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या जगत्पती जोशी यांनी जगापुढे आणलं. १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी ते खणून काढलं आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसा झालं. याच जोशींनी पुढे ए. के. शर्मांबरोबर आपलं मनसर खणलं. वाकाटक राजांच्या काळातल्या विटा घरापासून तासाभरावर आहेत आणि सोनूने त्या पाहिलेल्या नाहीत, हे मला बरं वाटत नाही. काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळंही आहेत, लोहयुगातली. धोलावीऱ्यातही गोल स्मारकं आहेत. पण या दोहोंत मोठा काळ गेलाय, तेव्हा पोरं दोन्ही एकच समजायला नकोत. ते समजावायचं काम माझ्याकडे दे.

दोन मुक्काम धरून रजा एक दिवस वाढव. साहेबांशी बोलायला अवघड वाटत असेल तर रणातली रात्र कमी कर, धोलावीऱ्यातली नको. तिथे राहायच्या जागा मोजक्याच आहेत, तेव्हा या आठवड्यातच बुकिंग करून टाक. पाण्याचा मोठा कॅन, टोप्या आणि सर्वांचे जुने बूट गाडीत ठेव. तिथे दिवसभर पायीच फिरायचं आहे. माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस, रोज अंबाझरीला चालतो आहे.

सूनबाईंना आशीर्वाद, पोट्ट्यांना गोड पापा.

तुझा,
बाबा